गोगलगायीचं पाणी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बॉनेट उघडल्याचा आवाज यायचा. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या आवारात उघडते, आणि एकोणीस महिने मी घड्याळाकडे न बघता त्या आवाजावर चहाचं आधण ठेवलं. आधी बिजागरीची करकर, मग बॉनेटला टेकू देणाऱ्या दांड्याचं खट्ट, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये तो माणूस गाडीचं पाणी बघायचा.

गाडी म्हणजे मोटारहोम, पंचवीस वर्षं जुनी. आत दोघांपुरता पलंग, छोटा ओटा, भिंतीला जोडलेलं टेबल, खिडक्यांना हाताने शिवलेले पडदे. आमच्या गल्लीत तिला घरगाडी म्हणायचे आणि गाडीवाल्याला गोगलगाय. हे नाव शेजारच्या वेल्डरचं. पाठीवर घर घेऊन आलेला, हळू चालणारा, त्याहून हळू बोलणारा आणि काही विचारलं की शिंगं आत ओढून घेणारा माणूस, त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. वेल्डर डोळा मारून ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असंही म्हणायचा. त्या पोटात काय होतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

मी रेडिएटरचं काम करते. गाडीचं इंजिन तापतं, त्यातून फिरणारं पाणी तापतं, ते पुढच्या जाळीत येऊन निवतं आणि परत आत जातं. ती जाळी म्हणजे रेडिएटर. ती फुटते, चोंदते, गंजते, आणि मग लोक माझ्याकडे येतात. दुकान अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं की बाई आता दुकान विकणार. मी दुसऱ्या दिवशी शटर वर केलं आणि सांध्यांना डाग द्यायची डागणी तापत ठेवली. आता बावन्न वर्षांची आहे. लग्न केलं नाही. दोघे-तिघे विचारायला आले होते, माझ्या नाकावरचा राग बघून परत गेले. हे मी नेहमी हसून सांगते. खरं सांगायचं तर त्यातल्या एकाने पुन्हा एकदा विचारलं असतं तर मला आवडलं असतं.

तर हा माणूस आला तेव्हा म्हणाला, दोन दिवस गाडी मागे लावू का? मागची जागा रिकामीच होती, जुन्या रेडिएटरांचा ढीग आणि एक गंजलेला पत्रा सोडला तर तिथे काही नव्हतं. मी हो म्हटलं. दोन दिवसांचे चार झाले, चाराचे चाळीस. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात तो दुकानात आला, भंगाराचं तांबं-पितळ तोलायच्या माझ्या वजनकाट्यासमोर उभा राहिला, आणि भाजीत केस निघाल्यासारखं तोंड करून म्हणाला की तुमचा काटा चाळीस ग्रॅमने खोटा आहे. माझा पाराच चढला. अप्पांचा काटा! मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं? त्याने खिशातून एक पितळी वजन काढून पारड्यात ठेवलं. काटा खोटाच होता. मग कळलं की हा वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर होता. एकतीस वर्षं दुकानादुकानातून फिरून लोकांचे तराजू, मापं, लिटर बघायचे, खरे असतील त्यांना शिक्का मारायचा, खोटे असतील ते उचलून न्यायचे. जित्याची खोड, दुसरं काय. त्या दिवसापासून मी त्याला साहेब म्हणायला लागले. आधी चिडून, मग सवयीने. तो मला बाई म्हणायचा.

तो बोलायचा तेव्हा अर्धी वाक्यं ‘ही’ने सुरू व्हायची. जुन्या वळणाचे नवरे बायकोला म्हणतात ना, तसं. हिला पडदे उघडे लागतात. हिला उन्हात बसायला आवडतं. हिचं म्हणणं असं की गाडी सकाळीच काढावी. मी धरून चालले की बायको आत आहे, आजारी असेल, बाहेर येत नसेल. म्हणून शेजारधर्म म्हणून रोज सकाळी दोन कप चहा ताटलीत घेऊन जायचे. तो दोन्ही कप घ्यायचा, आभार मानायचा, आणि थोड्या वेळाने दोन्ही कप विसळून परत आणून द्यायचा.

तीन आठवड्यांनी एकदा मी विचारलं, वहिनींना साखर बरोबर होते ना? तो कपाकडे बघत म्हणाला, हिला जाऊन आज दोन महिने झाले.

मला इतका राग आला म्हणता! एका गेलेल्या बाईसाठी मी तीन आठवडे चहा करत होते, आणि हा गृहस्थ मुकाट्याने दोन्ही कप पीत होता. मी तडक घरी आले, भांडी आपटली. मग आपटता आपटता थांबले. दुसरा कप परत पाठवायचा तर सांगावं लागलं असतं की प्यायला कोणी नाही. तेवढं सांगवत नाही म्हणून माणूस चहा पितो. दुसऱ्या दिवशी मी दोनच कप नेले आणि दुसरा स्वतः घेऊन पायरीवर बसले. तो नुसता थोडा सरकला.

त्यानंतर हळूहळू, महिन्याला एक वाक्य अशा वेगाने, मला बाकीचं कळलं. निवृत्त झाल्यावर दोघांनी ही घरगाडी घेतली होती. गाडीचं पुस्तक तिने वाचलं, त्याने नाही. इंजिन थंड असतानाच झाकण उघडायचं, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं, हे तिने त्याला इतक्यांदा सांगितलं की घरात ते भांडणातही वापरायला लागले. तो चिडलेला असला की ती म्हणायची, आत्ता झाकण उघडायचं नाही, सकाळी बघू. पाण्याच्या टाकीवरच्या कमी-जास्तच्या खुणा पुसट झाल्या होत्या, म्हणून तिने आपल्या नखांच्या लाल रंगाने एक रेघ ओढली होती. रोज सकाळी त्याने बॉनेट उघडून बघायचं, आणि तिने पुढच्या सीटवर बसून विचारायचं, ‘पाणी बघितलंस का?’ त्याने ‘बघितलं’ म्हटल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. तिसऱ्या वर्षी प्रवासात असतानाच ती आजारी पडली. आमच्या गावातल्या हॉस्पिटलात अकरा दिवस होती. ती गेल्यावर तो हॉस्पिटलच्याच आवारात गाडीत राहत होता. पहारेकऱ्याने गाडी हलवायला सांगितली, तेव्हा तिथून जे पहिलं रिकामं आवार दिसलं ते माझं होतं.

पुढे कुठे जाणार, असं मी एकदाच विचारलं. शिंगं आत गेली.

गाडी तो हलवायचाच नाही. रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करायचा, तेवढंच. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की सकाळी बॉनेट उघडल्यावर तो एका छोट्या मगातून टाकीत पाणी घालतो. रोज. आता, उभ्या गाडीचं पाणी रोज कमी व्हायचं काही कारण नाही. पाणी कुठेतरी मुरतंय म्हणतात ना, ते इथे अक्षरशः होतं. मी गाडीखाली वाकून बघितलं. रेडिएटरच्या खालच्या बाजूला, जिथे जाळी आणि तळाचा डबा जोडलेला असतो तिथला सांधा पाझरत होता. बारीक. दिवसाला बाटलीची दोन-चार झाकणं भरून पाणी जात असेल, खडीत जिरून जायची.

मी सांगितलं, साहेब, रेडिएटर उतरवू, सांधा डागू, सगळं जुनं पाणी काढून टाकू आणि नवीन कूलंट भरू, एका दिवसाचं काम आहे. तो म्हणाला, राहू द्या. मी म्हटलं, तुम्ही नुसतं पाणी घालताय, कूलंट पातळ होतंय, आतून गंज धरेल. तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, अहो, दोन दिवसांपूर्वी धुतलेली चादर तुम्ही परत धुता आणि इंजिनाला गंज चालतो? तो म्हणाला, ‘थोडं थोडं जातंय ते जाऊ द्या, बाई. एकदम नको.’

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा अर्थ विचारायला हवा होता. मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी, आणि कामाला लागले.

आता ह्या पाण्याविषयी सांगते. आमच्या धंद्यात सगळे त्याला पाणीच म्हणतात. गाडीचं पाणी बघा, पाणी कमी आहे, पाणी बदला. पण ते निव्वळ पाणी नसतं. त्यात निम्मं औषध असतं, कूलंट म्हणतात ते, हिरवं किंवा गुलाबी. ते पाण्याला लवकर उकळू देत नाही, आतल्या धातूला गंजू देत नाही, आणि थंडीत गोठू देत नाही. पाणी गोठलं की फुगतं, आणि इंजिनात फुगलं की लोखंड तडकतं. मग त्या इंजिनाचा काडीचा उपयोग नाही. त्याच्या बायकोने आयुष्यात कधी कूलंट हा शब्द वापरला नव्हता. ती ‘पाणी बघितलंस का’ विचारायची, आणि ती गेल्यावर हा शब्दाला जागणारा माणूस रेघेपर्यंत पाणी घालत राहिला.

पहिला हिवाळा सौम्य होता, निभावलं. दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला साहेब मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले. आठ दिवस. जाताना गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. कोणाला वाट हवी असली तर गाडी थोडी सरकवा, म्हणाले. मग दोन पावलं जाऊन परत आले आणि म्हणाले की सकाळी पाण्यावर नजर ठेवाल ना? मी म्हटलं, हो, जा आता.

तिसऱ्या दिवशी बातम्यांत सांगितलं की शनिवारपासून कडाक्याची थंडी, पारा शून्याच्या खाली सात अंशांवर जाणार. मी टाकीतला एक थेंब काढून माझ्या तपासायच्या नळीत टाकला. ती छोट्या दुर्बिणीसारखी असते, थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरून बघायचं, आत रेघ दिसते की हे किती थंडीत गोठेल. रेघ शून्याला चिकटलेली होती. म्हणजे पाणीच. शनिवारी इंजिन तडकणार, आणि इंजिनासकट त्याचं घर कायमचं माझ्या आवारात मरून पडणार.

मी फोन करू शकत होते. मुलीचा नंबर त्याने फळ्यावर लिहून ठेवला होता. पण फोन केला असता तर तो ‘राहू द्या’ म्हणाला असता, म्हणून मी केला नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, मागाहून सुचलेलं नाही.

बुधवारी सकाळी मी गाडीखाली परात सरकवली आणि रेडिएटरच्या तळाचा नळ सोडला. अकरा लिटर निघालं. कधीकाळी हिरवं असलेलं, आता वाळक्या गवताच्या रंगाचं, गंजाची बारीक पूड मिसळलेलं. ते मी नेहमीप्रमाणे जुन्या पाण्याच्या ड्रममध्ये ओतलं. ते गटारात सोडायचं नसतं, विषारी असतं, वर चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. दर गुरुवारी टँकरवाला येऊन ड्रम रिकामा करतो. रेडिएटर उतरवला, तळाचा सांधा घासून पांढरा केला, डागला, हवा भरून पाण्यात बुडवून बघितला. एक बुडबुडा नाही. अप्पा असते तर त्यांनी काही म्हटलं नसतं, म्हणजे त्यांना आवडलं असतं.

इंजिन साफ पाण्याने तीनदा धुतलं. मग निम्मं गुलाबी कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, आधीच बादलीत मिसळून सावकाश ओतलं. घरगाड्यांची एक खोड असते. मागे पलंगाखाली वेगळा हीटर असतो, पुढून तिथवर पाण्याचे लांब पाईप गेलेले असतात आणि तिथे हवा अडकून बसते. ती हवा सोडायचा कॉक उघडायला मला आत जावं लागलं. पलंगाखाली हात घातला तर कॉकच्या शेजारी बायकी चपलांचा एक जोड होता. बाकी सगळीकडे धूळ होती, चपलांवर नव्हती.

तिथे मी थांबायला हवं होतं. थांबलेही, अर्धा मिनिट. पण पाणी तर आधीच ड्रममध्ये गेलेलं होतं आणि इंजिन चालू होतं. मी झाकण उघडं ठेवून हवा जाऊ दिली, वरचा पाईप तापल्यावर पातळी खाली गेली, परत भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं थंड झाल्यावर पुन्हा बघितलं आणि बरोबर लाल रेघेपर्यंत आणलं. एक केसभर वर नाही की खाली नाही. गुरुवारी टँकरवाला येऊन गेला. शनिवारी आवारातलं पिंप गोठून फुटलं आणि घरगाडीला काही झालं नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

साहेब काळा चष्मा लावून आले ते दुपारी, तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकात होते. लांबूनच हात केला. म्हटलं उद्या सकाळी स्वतः बघतील, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी सात दहाला करकर झाली, खट्ट झालं, आणि मग काहीच नाही. आधणाला उकळी आली, चहा झाला, गाळला, तरी काहीच नाही. मी खिडकीतून बघितलं. तो पाण्याचा मग हातात धरून उभा होता. मी तशीच बाहेर गेले.

‘बाई, हे गुलाबी काय आहे?’

मी एका दमात सगळं सांगितलं. थंडी, शून्याची रेघ, सांधा, डाग, तीनदा धुतलं, पलंगाखालची हवा. आता दोन वर्षं बघायला नको, म्हटलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘जुनं कुठे आहे?’

‘जुनं कशाला हवंय?’

‘शेवटचं हिने भरलं होतं. हिरव्या डब्यातलं. हॉस्पिटलच्या आधी, रस्त्याच्या कडेला. मला म्हणाली, तू सांडतोस, मी भरते.’ त्याने मगाकडे बघितलं. ‘नंतर मी नुसतं वर पाणी घालत होतो. किती जातं, किती घालतो, त्यावरून हिशेब केला होता. मुलीकडे गेलो त्या दिवशी शंभरातले आठ भाग हिचे उरले होते.’

मला तेव्हा सगळं कळलं, वरातीमागून घोडं यावं तसं. थोडं थोडं जाऊ द्या, एकदम नको. सांधा डागायचा तर सगळं काढावं लागणार होतं. गाडी चालवली की सांध्यावर दाब येऊन जास्त गळणार होतं, म्हणून गाडी हलत नव्हती. एकोणीस महिने हा माणूस त्या कमी होत जाणाऱ्या भागांपाशी बसून होता, आणि त्याने मला एक शब्द सांगितला असता तर मी ते स्वच्छ डब्यात काढून त्याच्या हातात दिलं असतं. त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, रोज सकाळी त्याच्या शेजारी बसून चहा पीत असून विचारलं नाही.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. लोकांना वाईट वाटेल म्हणून मी कधी काही लपवलेलं नाही. पण त्या वेळी माझ्या तोंडून निघालं, ‘आहे ना. सगळं नाही, पण एक बाटली काढून ठेवलीय. आत आहे. आणते.’

मागच्या खोलीत मी दार लावून घेतलं. फळीवर हिरव्या कूलंटचा उघडलेला डबा होता. एक काचेची बाटली धुतली. शंभरातले आठ. कूलंट मोजून घेतलं, वर पाणी घातलं, तरी रंग थोडा ताजा दिसत होता, म्हणून एका जुन्या रेडिएटरच्या तळातून चिमूटभर गंज खरवडून टाकला आणि हलवलं. माझ्या हाताखालून इतकी पाणी गेलीत की कुठल्या गाडीचं किती वर्षांचं पाणी कसं दिसतं हे मी झोपेत सांगेन. हुबेहूब जमलं. आयुष्यात इतकं मन लावून मी कुठलंही खोटं काम केलं नव्हतं.

तो आत टेबलाशी बसला होता. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली, निवलेला चहा ठेवला आणि समोर बसले. त्याने काळा चष्मा काढला. ऑपरेशन चांगलं झालं होतं. आठवड्यापूर्वीचे धुरकट डोळे जाऊन तिथे एकदम इन्स्पेक्टरचे डोळे आले होते. त्याने बाटली खिडकीसमोर धरली, तिरकी केली, परत टेबलावर ठेवली आणि बघत बसला.

मग मलाही दिसलं. बाटलीतला गंज तरंगत होता. बारीक बारीक कण सावकाश खाली येत होते. आठवडाभर फळीवर उभ्या असलेल्या बाटलीत गंज केव्हाच तळाला बसला असता, आणि मी ती हलक्या हाताने आणली असती तर तिथेच राहिला असता. हा आत्ताच मिसळलेला गंज होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो बघत होता, मी बघत होते, आणि कण खाली येत होते. पार तळाला बसेपर्यंत.

शेवटी तो उठला. ओट्याखालच्या खणातून त्याने एक पक्कड, तारेचा तुकडा आणि शिशाची एक चपटी गोळी काढली. खऱ्या मापांना लावायचं सील. बाटलीच्या गळ्याभोवती तार गुंडाळली, टोकं गोळीत घातली आणि पक्कड दाबली. सील सरळ बसलं.

‘मापात पाप आहे, बाई,’ तो म्हणाला. पक्कड खणात ठेवली, खण लावला. ‘पण मी आता रिटायर झालोय.’

मला रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते कळलं नाही. मी कप उचलायला लागले. तेव्हा माझ्याकडे पाठ करून, पडदा सरकवत तो म्हणाला, ‘तिला हसू आलं असतं.’

तिला. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा. ही म्हणजे जवळची, ती म्हणजे लांबची, एवढं तर लहान पोरालाही कळतं. मी कप घेऊन बाहेर आले.

चार दिवसांनी तो निघाला. आधी मुलीकडे, मग दोघांनी जाऊ म्हणून ठरवलेली आणि राहिलेली ठिकाणं. आता गळत नाही, तर उभी ठेवून काय करायची, एवढंच म्हणाला. बरोबरच होतं. मीच सांधा डागला होता, मीच धुऊन भरून गाडी धडधाकट केली होती. जायला अडचण उरली नव्हती, ती माझ्या हाताने गेली होती. वेल्डर म्हणाला, बरं झालं, तुमची जागा मोकळी झाली. मी त्याला काय वाट्टेल ते बोलले, नंतर माफी मागितली.

सकाळची वेळ होती. सात दहाला बॉनेट उघडलं, बंद झालं. तो गाडीत बसला, मी फाटक उघडून बाजूला उभी राहिले. गाडी सुरू होईना. मला वाटलं बॅटरी उतरली, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी खिडकीपाशी गेले. किल्ली लावलेली होती, हात किल्लीवर होता, पण तो ती फिरवत नव्हता. नुसता समोर बघत बसला होता. शेजारची सीट रिकामी होती.

मला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर बोलायलाही लागला. माझा काही अधिकार नव्हता. पण विचारणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

‘साहेब,’ मी म्हटलं, ‘पाणी बघितलंत का?’

‘बघितलं, बाई.’

त्याने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फेरीत लागलं, आवाज स्वच्छ होता. गाडी फाटकातून वळून गल्लीच्या टोकाला गेली, वेल्डरने हात केला, मी फाटक लावून घेतलं.

आवारात ती उभी होती तिथली खडी अजून वेगळ्या रंगाची दिसते. जुन्या सांध्याच्या खाली जिथे पाझर जिरायचा तिथे हातभर जागेत काही उगवत नाही. मी तिथे काही ठेवत नाही. सकाळी सात दहाला आवाज येत नाही, तरी आधण ठेवते, आणि हात सवयीने दोन कपांचं ठेवतो. एक कप कमी करणं अवघड आहे का? नाही. उद्यापासून करीन, असं रोज ठरवते. मग पायरीवर जाऊन बसते आणि दोन्ही कप मीच पिते.